पॅटिओ घ्यावा की बाल्कनी?

प्रश्न : तळमजल्याच्या सदनिकेला पॅटिओ आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेला बाल्कनी. मातीच्या मोठ्या कुंड्या ठेवायच्या असल्यास कोणती सोयीची?

उत्तर : पॅटिओ म्हणजे घरालगत जमिनीवरच केलेली उघडी फरसबंदी, तिचा भार जमीनच पेलत असल्याने कुंड्यांची चिंता नको, फक्त पाण्याचा उतार घराकडे नसावा. बाल्कनीचा स्लॅब मात्र बहुधा भिंतीबाहेर अधांतरी असतो आणि त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला, फरशीखालीच असतात; कुंड्यांचे पाणी मुरून त्या गंजल्या, तर स्लॅबची ताकदच जाते, म्हणून जड कुंड्या कठड्यापाशी न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात. २०१६च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यानुसार बाल्कनी कार्पेट एरियात, म्हणजे सदनिकेच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळात, धरली जात नाही. पॅटिओची जागा सोसायटीची सामायिक तर नाही ना, हे (बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता) करारनाम्यात तपासावे.