जुनी गाणी बरोब्बर तीन मिनिटांचीच का असायची?

त्यात कलेपेक्षा तबकडीचा हात जास्त आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांची १० इंची रेकॉर्ड असायची ना, तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, मग पॉप असो, जॅझ असो की ब्लूज, सगळ्यांना त्याच मापात बसावं लागायचं आणि जॅझवाल्याला सोलो (एकट्याचं वादन) रंगात यायच्या आधीच गाशा गुंडाळावा लागायचा. १२ इंचीवर थोडा जास्त वेळ मिळायचा, पण सिम्फनी ऐकायची म्हणजे दर चार-पाच मिनिटांनी उठून बाजू पलटायची, तीही कधीकधी ऐन रंगात आलेलं असताना (काय वैताग असेल!).

यातली मजा म्हणजे रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने १९२५ मध्ये पियानोसाठी 'सेरेनाड इन ए' लिहिली, तेव्हा प्रत्येक भाग रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेल असाच बेतला. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने उलटं केलं, १९३५ मध्ये एकच रचना सरळ चार बाजूंवर पसरवली.

१९४८ मध्ये एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) आली, एका बाजूला वीसेक मिनिटं, तेव्हा शास्त्रीय आणि जॅझवाले सुटले. पॉप मात्र तिथेच अडकलं कारण मिनिटाला ४५ फेऱ्यांची सिंगल (एका बाजूला एकच गाणं असलेली रेकॉर्ड) छोटीच होती आणि रेडिओलाही छोटंच गाणं हवं असायचं. १९६५ मध्ये बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' सहा मिनिटांच्या वर गेलं तर रेडिओसाठीच्या प्रतींवर त्याचे चक्क दोन तुकडे करून दोन बाजूंवर टाकले होते!