लोगो दिसतो, पण विंडोज सुरू होत नाही?

लगेच फॉरमॅट मारू नकोस. कंपनीचा लोगो दिसतोय म्हणजे स्क्रीन, रॅम आणि प्रोसेसर बहुधा ठीक आहेत; गोची त्यापुढे आहे. आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळं काढ आणि पुन्हा चालू करून बघ. हसू नकोस, मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ यात घालवली आहे!

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा (चालू करताच बहुतेक एफ२ किंवा डिलीट दाबून). तिथे हार्ड डिस्कचं नाव दिसतं का? आणि तारीख बघ. ती भलतीच जुनी असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बऱ्याच मशीनमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, काहींमध्ये वायर जोडलेला. सेल मेला की बायोसची सेटिंग मूळ जागी जाऊ शकतात: बूट होण्याची पद्धत बदलते (युईएफआय ही नवी, तिची जुनी लेगसी होते) किंवा साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत बदलते, आणि धडधाकट विंडोजही उठत नाही. सेल बदल, सेटिंग पूर्वीसारखी कर.

डिस्क दिसतच नसेल तर मशीन बंद करून (लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी काढून) डिस्क एकदा नीट बसव. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांब, पुन्हा पुन्हा चालू केलंस तर उरलासुरला डेटाही जाईल.

डिस्क दिसतेय, आवाज नाही, तरी अडलंय? दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजसारखीच, पण मोफत सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारा, बनव, त्यावरून बूट कर आणि आधी फोटो, कागदपत्रं बाहेर काढ. स्टार्टअप रिपेअर (विंडोजची स्वतःची दुरुस्तीची सोय) वगैरे त्यानंतर.