अमोनाइटचा (वेटोळ्या कवचाच्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा) जीवाश्म शोपीस म्हणून घ्यावा का? खरा कसा ओळखायचा?

घ्या, पण तो कुठल्या गावचा, खडकाच्या कुठल्या थरातला हे लिहून मिळत असेल तरच. नाहीतर तो नुसता देखणा दगड.

दुकानात मिळतात त्या चकचकीत, मधोमध कापलेल्या जोड्या बहुतेक मादागास्करच्या, सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या सहसा खऱ्या असतात. कवचाच्या कप्प्यांत कॅल्साइट हे खनिज भरलेलं असतं आणि बाहेरच्या कडेलगत बारीक नळी दिसते. हिच्यातूनच प्राणी कप्प्यांतलं पाणी काढून टाकायचा, म्हणून तरंगायचा. नॉटिलस या आजही जिवंत असलेल्या, तशाच कवचाच्या प्राण्याची नळी कप्प्यांमधल्या पडद्यांच्या मधून जाते. दिसायला सारखे असले तरी अमोनाइटचं जवळचं नातं म्हाकूल आणि ऑक्टोपसशी. ‘सह्याद्रीत सापडला’ म्हणणारा विक्रेता थाप मारतो. आपला काळा दगड लाव्ह्याचा, त्यात समुद्रातला प्राणी येणार कुठून?

आता ठिकाण आणि थर लिहिलेल्या चिठ्ठीचं. माझे बाबा भूगर्भशास्त्र शिकवायचे. विद्यार्थ्यांना घेऊन कच्छला जायचे. तिथल्या धोसा ऊलाइट या सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीच्या थरातले अमोनाइट त्यांनी घरी आणले होते. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली: डोंगर, ओढा, थर, तारीख. बाबा गेल्यावर दादाने नव्या फ्लॅटच्या शोकेससाठी ते सगळे साबणाने धुतले, चिठ्ठ्या खरवडल्या, वर वॉर्निश मारलं. पाहुणे कौतुक करतात. मी बोललो की दादा म्हणतो, ‘दगड तेच आहेत ना?’

नाहीत. अमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या, एकेक जात भूशास्त्राच्या हिशेबात थोडाच काळ टिकली. म्हणून जात कळली की थराचं वय कळतं, आणि कच्छचा थर युरोपातल्या थराशी जुळवता येतो. 1873 ते 1875 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ विल्हेल्म वागेन यांनी कच्छच्या अमोनाइटांवर ग्रंथ लिहिला, तो असा थराथराने केलेल्या संग्रहावरच उभा आहे. बाबांचे नमुने उद्या एखाद्या विद्यार्थ्याच्या कामी आले असते. आता जात ओळखता येईल, पण डोंगर कुठला हे कोणीही सांगू शकणार नाही. वॉर्निश निघेल, बाबांचं अक्षर परत येणार नाही. दादा, हे वाचत असशील तर उरलेल्या खोक्याला हात लावू नकोस.

खोटे ओळखायचे तर बाहेरून पॉलिश केलेल्या नमुन्यावर नेच्याच्या पानासारख्या नक्षीदार रेषा शोधा. पडदे कवचाला जिथे चिकटतात तिथल्या त्या रेषा. नुसत्या एकसारख्या खाचा असतील तर कोरीवकाम समजा. मात्र कवच शाबूत असेल तर खऱ्यावरही या रेषा दिसत नाहीत, तेवढ्यावरून नाकारू नका. मोरोक्कोच्या मालात तुकडे जोडून पूर्ण केलेले नगही असतात.

आणि शाळिग्राम यात धरू नका. नेपाळमधल्या काली गंडकी नदीतले अनेक शाळिग्राम अमोनाइटच, पण तो देवघरातला, शोकेसमध्ये मांडायचा नाही. तो नदीतून वाहून आलेला असल्यामुळे थराची अपेक्षाही ठेवता येत नाही, नदीचं नाव पुरे. बाकी काहीही घेतलंत तर पावतीवर ठिकाण लिहून घ्या आणि पावती नमुन्याबरोबरच ठेवा.