अंगठा वर केला की दोघंही वर

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. इतक्या वर्षांनी पुन्हा स्कूबा डायव्हिंगला जायच्या आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा छोटा कोर्स, करावा की नको, असं तू विचारलंयस. पण अख्ख्या मेलमध्ये समुद्राबद्दल दोन ओळी आणि बाकी सगळं 'त्याचा मूड जाईल', 'त्याचा विरस होईल'. तेव्हा रिफ्रेशरचं आधी उरकून टाकतो. करा, आणि दोघंही करा. डायव्हिंगच्या कार्डाची मुदत संपत नाही हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं खरंच आहे. पण सहा वर्षांत हात विसरतात. मास्कमध्ये पाणी शिरलं की वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची, हे त्याला तोंडपाठ असेल. खारं पाणी डोळ्यांत गेल्यावर जमेलच असं नाही. बीसीडीतली, म्हणजे हवा भरायच्या जाकिटातली, हवा सोडायचं बटण शोधत माणसं डावा खांदा चाचपडत बसतात. गंमत अशी की हात विसरले तरी रुबाब शाबूत राहतो. त्याच्या लॉगबुकात चाळीसेक डाइव्ह आहेत म्हणतेस ना? मला तुझ्या भीतीपेक्षा त्या चाळिसांची काळजी जास्त वाटते.

आता खरं बोलायचं ते. पाण्याखाली दोघांपैकी कुणीही, केव्हाही अंगठा वर केला की दोघंही वर यायचं. का, म्हणून विचारायचं नाही.

हे कोर्सात शिकवलं होतं, माहितीये. मान सगळेच डोलावतात. पण अंदमानात हॅवलॉकला जायला विमानाची तिकिटं काढलेली असतात, बोटीचे पैसे भरलेले असतात, नवरा वर्षभर त्या कासवाबद्दल बोलत असतो, आणि आठ मीटरवर तुला कसंसंच होतं. काय होतंय ते नीट सांगता येत नाही. अशा वेळी तू अंगठा वर करशील? तुझा मेल वाचून मला तरी वाटत नाही. अनोळखी बडीसमोर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारासमोर, माणूस चटकन वर चला म्हणतो. नवऱ्यासमोर नाही म्हणत. म्हणून नवराबायकोची जोडी मला पाण्यात कधीच फारशी आवडली नाही. घरातले हिशेब हवेच्या टाकीबरोबर खाली येतात.

कारण का विचारायचं नाही, तेही ऐक. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. हवा घट्ट होते, श्वास घ्यायला थोडे जास्त कष्ट पडतात. घाबरलेला माणूस भराभर, वरवरचा श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो साठला की हवा पुरत नाहीये असं वाटायला लागतं, मग आणखी भराभर. टाकीत 150 बार दाबाची, म्हणजे भरपूर हवा असते आणि जीव गुदमरतो. त्या क्षणी ज्याला कारण द्यायला सांगाल, त्यालाच ते सर्वांत कमी सुचत असतं. तळवा हलवून 'काहीतरी बिघडलंय' म्हणता येतं, कानाकडे बोट दाखवता येतं, आणखी चार खुणा असतात. 'मला उगीचच भीती वाटतेय' याला कुठली खूण करणार आहेस?

वर यायचं म्हणजे बाटलीच्या बुचासारखं उसळायचं नाही. एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राहून, श्वास न रोखता, सावकाश. मिनिटाला 9 मीटरच्या वर नको. सगळं आटोक्यात असेल तर 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. बोटीवर आल्यावरही 'काय झालं होतं?' हा पहिला प्रश्न नको. पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं.

मी हे इतकं ताणून का सांगतोय, ते तुला कधी ना कधी कुणीतरी सांगेलच, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला मी आणि माझा जुना बडी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर गेलो होतो. मुरुडेश्वरहून बोट, पाणी काचेसारखं, मासे म्हणशील तेवढे. उतरलो आणि थोड्या वेळात मी अंगठा वर केला. तो वर आला, नियमाने आला, पण बोटीवर विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, माहीत नाही. खरोखरच माहीत नव्हतं. टाकीत हवा होती, कान मोकळे होते. तो हसला, मग चिडला, आणि परतीच्या वाटेवर बोलला नाही. त्यानंतर आम्ही एकत्र पाण्यात उतरलो नाही. आमच्या ग्रुपमध्ये अजून कुणी घाबरलं की माझं नाव घेतात. तो बडी दुरावला याचं वाईट वाटतं, रोज नाही पण वाटतं. तरी ती डाइव्ह पुन्हा दिली तर पुन्हा अंगठा वर करीन. काही झालं नव्हतं हेच त्यांचं म्हणणं ना? मग काहीतरी होईपर्यंत थांबायचं होतं का मी? असो. इतक्या वर्षांनी मी हे कुणाला पटवतोय, कोण जाणे.

तर, बाकीचं भराभर. डॉक्टरांचा फॉर्म खरा भरा. त्याच्या दम्याच्या पंपाचा तू ओझरता उल्लेख केलायस, तो तर लिहायचाच, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तर नकोच. पाण्यात कमरेला लावायची वजनं नव्याने ठरवा, लग्नानंतर दोघांचीही शरीरं तीच राहिलेली नाहीत. पहिली डाइव्ह नेमो रीफसारख्या उथळ जागी, डिक्सन्स पिनॅकल या पाण्याखालच्या सुळक्याचं नावही काढू नका. त्याचा माथाच खोल आहे. ज्याच्या हवेचा काटा आधी 100 बारवर येईल त्याने दुसऱ्याला सांगायचं, आणि 50 शिल्लक असताना बोटीवर. शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास विमान नाही, म्हणजे परतीचा आदला दिवस नुसता किनाऱ्यावर. त्यावरही तो कुरकुरेल.

आणि हे पत्र त्याला वाचायला दे. मग रिफ्रेशरच्या तलावात, सगळं छान चाललेलं असताना, त्याला न सांगता एकदा अंगठा वर कर. वर आल्यावर तो पहिलं काय बोलतो ते मला कळव. हॉटेलचे पैसे परत मिळण्याची मुदत कधी संपते, तेही बघून ठेव.

तुझा,
काका