प्रीस्कूलचं सोपं आहे, पुण्यातल्या एसआयपीचं नाही

प्रश्न: आम्ही पाच वर्षांपासून सॅन होजेला राहतो. मी एच-1बीवर, पत्नी एच-4 ईएडीवर (जोडीदाराच्या व्हिसावर मिळणारा कामाचा परवाना) नोकरी करते. तिच्या हातात महिना 4,500 डॉलर येतात. मुलीला जून 2026 मध्ये 3 वर्षं पूर्ण होतील. ऑगस्टपासून पूर्णवेळ प्रीस्कूलला महिना 2,400 डॉलर, फक्त सकाळच्याला 1,300. पत्नीने नोकरी सोडून सकाळचंच घ्यावं का? कॉलेजची सोय झालेली आहे: पुण्याच्या जुन्या बचत खात्यातून तीन म्युच्युअल फंडांत महिना 40,000 रुपयांची एसआयपी (आज 52 लाख) आणि नात्यातल्या काकांकडून घेतलेला चाइल्ड युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र), वर्षाला 2 लाख, दहा वर्षं (तिसरा हप्ता येत्या सप्टेंबरला), अठरा वर्षांनी 1 कोटी. तो पैसा इकडे आणलेला नाही, म्हणून इथल्या रिटर्नमध्ये दाखवत नाही.

उत्तर: नोकरी सोडू नका, पूर्णवेळ घ्या. हा खर्च एकाच वर्षाचा आहे. 1 सप्टेंबरपर्यंत 4 वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला कॅलिफोर्नियात 2025-26 पासून सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) मोफत आहे. तुमची मुलगी ऑगस्ट 2027 मध्ये तिथे जाईल. बारा महिन्यांची फी 28,800, पत्नीचा पगार 54,000. फी भरूनही 25,000 हातात राहतात. शिवाय कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायची सोय) असेल तर 2026 पासून मर्यादा 7,500 डॉलर आहे, म्हणजे साधारण 2,200 डॉलर कर वाचेल. दोघंही कमावते असाल तरच तो मिळतो, आणि वर्षात न वापरलेले पैसे बुडतात. शाळेचा टॅक्स नंबर आधीच घेऊन ठेवा.

शाळा ठरवताना तीन गोष्टी विचारा: डायपर सुटलेला असावा लागतो का, सुट्ट्यांच्या आठवड्यांची फी भरावी लागते का, आणि न्यायला उशीर झाला तर दंड मिनिटावर आहे का. ईएडीचं नूतनीकरण मुदतीच्या 180 दिवस आधी टाका. ऑक्टोबर 2025 अखेरीपासूनच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे पगारात खंड पडू शकतो. चार महिन्यांची फी बाजूला हवीच.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महागात पडणार आहे. तुम्ही अमेरिकेचे कर-रहिवासी आहात, तेव्हा जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे दाखवावंच लागतं. पैसा कुठे पडून आहे याचा संबंध नाही. पुण्याच्या बचत खात्याचं व्याजसुद्धा त्यात आलं. परदेशातल्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती सरकारला देणारा फॉर्म) भरावा लागतो. 90 रुपयांचा डॉलर धरला तर तुमचे फंडच 58,000 डॉलरचे आहेत.

भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी पीएफआयसी (कडक कर लागणारी परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात. साध्या अमेरिकी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर बहुतेकांना 15% कर बसतो. भारतीय फंड विकला की मात्र नफा मागच्या सगळ्या वर्षांत वाटला जातो आणि त्या वर्षांच्या हिश्श्यावर तेव्हाचा सर्वात वरचा दर, सध्या 37%, आणि वर व्याज. पीएफआयसीची माहिती द्यायचा फॉर्म 8621 दर योजनेला वेगळा. तीन फंड, तीन फॉर्म.

तेव्हा एसआयपी याच आठवड्यात बंद करा, पण विकू नका. विकण्याआधी फॉर्म 8621 स्वतः भरलेला सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक अकाउंटंट) गाठा आणि हिशोब करून घ्या. फॉर्मचं नाव काढल्यावर जो अडखळतो, तो तुमच्या कामाचा नाही. मागची चूक अजाणतेपणी झाली असेल तर ती स्वतःहून सुधारायची स्ट्रीमलाइन्ड प्रक्रिया आहे: तीन वर्षांची दुरुस्त रिटर्न, सहा वर्षांपर्यंतचे एफबार आणि मालमत्तेच्या सर्वोच्च शिलकीवर 5% दंड, म्हणजे तुमच्या बाबतीत 3,000 डॉलरच्या आसपास. चौकशी सुरू होण्याआधीच हा मार्ग खुला असतो. गुपचूप एखादं रिटर्न दुरुस्त करून गप्प बसू नका.

पुण्याचं खातंही फेमानुसार (भारताचा परकीय चलन कायदा) एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायला हवं होतं. पासपोर्ट, व्हिसा, इथल्या पत्त्याचा पुरावा बँकेत द्या आणि फंडांच्या केवायसीतही पत्ता व दर्जा बदला.

काकांचा 1 कोटी बघू. वर्षाला 2 लाख, दहा हप्ते, अठरा वर्षं: कोटीच्या जवळ जायला सगळे खर्च वजा जाऊन दरवर्षी 12% हवेत. कंपन्यांच्या अधिकृत तक्त्यात वरचा दर 8% असतो, त्याने 58 लाखही जेमतेम होतात. 90 च्याच भावाने ते 64,000 डॉलर. कॅम्पसवर राहून शिकायचं तर कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाची दीडेक वर्षं. रुपया 2010 मध्ये डॉलरला 45 च्या आसपास होता, आणखी सोळा वर्षांनी कुठे असेल याची खात्री काकांनी दिलेली नाही. तुमचं वास्तव्य अमेरिकेत आहे हे ठाऊक असताना हा प्लॅन विकणं चुकीचंच होतं.

सप्टेंबरचा तिसरा हप्ता भरू नका. पॉलिसी खंडित होईल, काही हजार रुपये कापले जातील आणि उरलेली रक्कम पाच वर्षांचा लॉक-इन संपल्यावर मिळेल. तोवर त्यावर किमान 4% व्याज धरतात. हे खातंसुद्धा एफबारमध्ये दाखवा.

एसआयपीचे 40,000 म्हणजे 440 डॉलर. त्यातले 300 मुलीच्या नावे 529 खात्यात (शिक्षणासाठीची करसवलतीची अमेरिकी बचत) टाका. 6% ने पंधरा वर्षांत 87,000 होतात. बहुतेक भारतीय कॉलेजांना ते चालत नाही, भारतात शिकली तर नफ्यावर कर आणि वर 10% दंड पडेल. म्हणून सगळे 440 तिथे नकोत. उरलेले 140 तुमच्याच नावे साध्या अमेरिकी इंडेक्स फंडात ठेवा.