पन्नाशीत विडी सोडून आयुष्य खरोखर वाढते का?

होय, वाढते, आपले विडी ओढणारे वडील ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणतात, पण तो त्यांचा समज बरोबर नाही. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील 34,439 पुरुष डॉक्टरांचा 1951 पासून 50 वर्षे मागोवा घेतला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सिगारेट ओढणारे सरासरी 10 वर्षे आधी दगावतात, मात्र पन्नाशीला सोडणाऱ्यांना त्यांतील सुमारे 6 वर्षे आणि साठीला सोडणाऱ्यांनाही 3 वर्षे परत मिळतात. विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य मुळीच नसतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांच्या छातीतही तंबाखूची धूळ जाते, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. वडिलांना तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर आजच फोन लावून द्या.