चौदा, आठ आणि तीन: एकाच पार्कात तीन वयांची मुलं

दिवाळीचं वेकेशन जवळ आलं की सहलीची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेल्या चार पत्रांपैकी दोन पत्रांत अडचण एकच आहे, मुलांच्या वयांतलं अंतर. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

प्रश्न: दिवाळीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचा बेत आहे. मोठा मुलगा 14 वर्षांचा, मुलगी 8 वर्षांची, धाकटा 3 वर्षांचा, शिवाय सासूबाई आणि आम्ही दोघं. मोठ्याला तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरशिवाय काही सुचत नाही. धाकटा दुपारी झोपला नाही तर संध्याकाळ सगळ्यांचीच जाते. सगळ्यांना एकत्र ठेवून दिवस कसा आखावा?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: दिवसभर एकत्र राहायचा हट्ट आधी सोडा. सहा माणसं प्रत्येक राइडपाशी मिळून गेली तर चार जण कायम कुणाची तरी वाट बघत उन्हात उभे राहतात. दोन तुकड्या करा आणि भेटीच्या तीन वेळा ठरवा: जेवण, दुपारी उशिरा सगळ्यांना चालणारी एखादी राइड आणि संध्याकाळचा कार्यक्रम.

तुकड्या वयावरून पाडू नका, उंचीवरून पाडा. आज घरीच तिघांची उंची मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं. बुचडा आणि क्लिप काढून. साधारणपणे मोठ्या कोस्टरना 140 सेंटीमीटरच्या आसपासची अट असते, मधल्या राइड्सना 120 च्या आसपास, आणि लहानांच्या काही राइड्सना उलट वरची मर्यादा असते, म्हणजे मोठ्या मुलाला त्यात बसवतच नाहीत. नेमके आकडे पार्कच्या संकेतस्थळावर राइडनुसार असतात. कागदावर तीन रकाने करा, तीन मुलांचे, आणि कोण कशात बसू शकतं ते लिहून काढा. तिघांच्याही रकान्यात येणाऱ्या राइड्स मोजक्याच निघतील. त्या एकत्र भेटीसाठी राखून ठेवा. तिकिटाचे दरही बहुतेक पार्कांत वयावर नसून उंचीवर असतात, त्यामुळे हा कागद बुकिंगच्या वेळीही लागेल.

आता वेळा. दार उघडायच्या पाऊण तास आधी पोचा. पहिला तास सगळ्यांत मोकळा असतो आणि नायट्रोची रांग नंतर वाढतच जाते. म्हणून वडील आणि मोठा मुलगा दारातून थेट तिकडे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीचं ते कोस्टर आहे, पायांखाली तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात आणि गाडी पाच वेळा उलटी होते. चपला काढून ठेवाव्या लागतात, तेव्हा मोज्यांसह बूट घातलेले बरे. नाश्ता दीड तास आधी आणि हलका: पोहे, इडली चालेल. रिकाम्या पोटी नेऊ नका, तळलेलं खाऊन तर मुळीच नको.

त्याच वेळी तुम्ही, मुलगी आणि धाकटा लहानांच्या राइड्सकडे. झुलत्या, फिरत्या राइड्सना मुलं घाबरतात असं आपण धरून चालतो. तीन वर्षांच्या मुलाला खरी भीती असते ती अंधाराची आणि अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाची. सलीमगढसारखी भुताची राइड उंचीच्या अटीत बसत असली तरी धाकट्यासाठी वगळा. एकदा का तो आत घाबरला की पुढे प्रत्येक दारापाशी हातपाय आपटेल, अगदी घोड्यांच्या चक्रापाशीसुद्धा.

दिवस बहुतेक वेळा बिघडतो तो मधल्या मुलामुळे, आणि तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एक वाक्यही नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आठव्या वर्षी उंची बहुधा 120 ते 130 च्या दरम्यान असते. म्हणजे दादाच्या राइड्स बंद आणि भावाच्या राइड्स बाळबोध. ती दिवसभर एक तर बाहेर उभं राहून दादाची बॅग सांभाळते, नाही तर धाकट्याला खेळवते. तिला दोन तास आणि एक मोठं माणूस पूर्ण द्या. नायट्रो झाली की वडिलांनी तिला घ्यावं आणि तिच्या रकान्यातल्या मधल्या राइड्स सलग कराव्यात. मोठा मुलगा तोवर एकट्याने पुन्हा रांगेत उभा राहू शकतो, चौदाव्या वर्षी ते जमतं.

जेवण बाराला उरका. एक वाजता खाण्याच्या जागी जी गर्दी उसळते तिच्यात तीन वर्षांचं मूल आणि आजी दोघांचेही हाल होतात. बाहेरचे पदार्थ बहुतेक पार्कांत नेऊ देत नाहीत. लहान मुलांचं खाणं आणि औषधं मात्र सहसा चालतात, तरी आधी फोन करून विचारा, म्हणजे थेपल्यांचा डबा दारात टाकावा लागणार नाही. जेवणानंतर एक ते तीन धाकट्याची झोप. त्यासाठी बाबागाडी घरून आणा किंवा तिथे भाड्याने मिळते का बघा, आणि एसी असलेल्या बंदिस्त जागेत किंवा दाट सावलीत थांबा. ती जागा आजींच्याही विश्रांतीची. पण आजींनी एकट्यानेच बाळ सांभाळायचं हे गृहीत धरू नका. तासाभराने मोठ्यांपैकी एकाने येऊन त्यांना एखादा बैठा शो दाखवायला न्यावं. तिकीट त्यांचंही काढलेलं आहे.

भेटीची जागा फोनवर सोडू नका. दुपारपर्यंत व्हिडिओ काढून फोनची बॅटरी उतरते, आणि गोंगाटात रिंग ऐकू येत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि पंधरा मिनिटांची सूट. सकाळी दारात तिन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. मूल हरवलं तर कपड्यांचा रंग सांगताना हमखास गडबड होते. धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मुलीला सांगून ठेवा: चुकलीस तर शोधत फिरायचं नाही, गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जायचं. तो दिसला नाही तर लहान मुलं बरोबर असलेल्या एखाद्या बाईकडे.

प्रवासाचं थोडक्यात. बडोद्याहून पुण्याकडे जाणाऱ्या ज्या गाड्या वसई रोड, कल्याण, लोणावळा मार्गे जातात त्या बघा. कल्याणला उतरून खोपोलीची लोकल मिळते किंवा लोणावळ्याहून घाट उतरून यायचं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही पण बर्थही मिळत नाही. आठ वर्षांच्या मुलीला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं. मात्र रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट पार्क गाठू नका. असं केलं की धाकटा अकरा वाजताच झोपतो आणि चारला ताजातवाना होऊन उठतो, तेव्हा बाकी सगळ्यांनी मान टाकलेली असते. आदल्या दुपारी पोचा आणि रात्र तिथेच काढा.

एक गोष्ट बडोदेकरांच्या फायद्याची आहे. गुजरातच्या शाळांना दिवाळीची सुट्टी 21 दिवस असते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळा त्याआधी सुरू होतात. भाऊबीज उरकून सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार धरलात तर मुंबई-पुण्याची गर्दी बरीच ओसरलेली असते.

प्रश्न: माझी मुलगी 138 सेंटीमीटर आहे आणि राइडची अट 140 ची. जाड सोलचे बूट घालून चालेल का? दोन सेंटीमीटरने असा काय फरक पडतो? आतेभाऊ बसणार आणि ही नाही, म्हणून ती रडकुंडीला आली आहे.
– एक वाचक, रावपुरा

उत्तर: बूट घालून फसवू नका. उंचीची अट धाडस मोजत नाही, सीटचा आडवा दांडा किंवा खांद्यांवरून येणारा पट्टा त्या शरीराला धरू शकेल की नाही ते मोजते. खांद्यांवरचा पट्टा ठरावीक उंचीच्या धडासाठी घडवलेला असतो. मूल बुटकं असेल तर तो खांद्यांवर न टेकता वर तरंगतो आणि वेगाच्या वळणावर मान व कान त्याच्यावर आपटतात. मांडीवरच्या दांड्याचं आणखी वाईट. एकाच सीटवर दोघांना मिळून एकच दांडा असेल, तर तो मोठ्या माणसाच्या जाड मांडीला लागून थांबतो. शेजारच्या मुलाच्या मांडीवर चार बोटांची पोकळी राहते. गाडी उतारावर पडते तेव्हा शरीर सीटवरून उचललं जातं, आणि मूल त्याच पोकळीतून वर सरकतं. बूट उंच केल्याने मांडी जाड होत नाही. म्हणूनच तुम्ही मुलाला घट्ट धरून ठेवाल हा दिलासाही खोटा आहे. त्या वेगात हातांचा जोर पुरत नाही.

उंची खरोखर काठावर असेल, म्हणजे 139.5 किंवा 140, तर ती राइड सकाळी पहिली करा. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर कमी भरतो. सकाळी बसलेलं मूल दुपारी परत पाठवलं जातं ते यामुळे. त्यात कर्मचाऱ्याची चूक नाही, वाद घालू नका.

मुलीला हे घरूनच सांगा, दारात नाही. आणि आतेभाऊ त्या राइडवर असेल त्या अर्ध्या तासात तिला तिच्या आवडीची दुसरी राइड करायला न्या. कठड्याला टेकून त्याला हात हलवत उभं करू नका.

प्रश्न: उन्हाळ्यात आमच्या एकत्र कुटुंबाला बडोद्याजवळच्या वॉटर पार्कला जायचंय. मुलं 11 वर्षं, 6 वर्षं आणि जावेचं बाळ 10 महिन्यांचं. बाळाला पाण्यात नेलं तर चालेल ना? कपडे कोणते लागतात?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर: बाळाला न्यायचंच असेल तर अर्ध्या दिवसासाठी न्या आणि पाण्यात पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. इतक्या लहान अंगातली ऊब पाण्यात फार लवकर जाते. ओठ निळसर दिसायच्या आधी, नुसती हुडहुडी जाणवली तरी बाहेर काढा. साधा डायपर पाण्यात फुगतो, फाटतो आणि आतली जेल तलावभर पसरते, म्हणून पोहण्याचा वेगळा डायपर घ्या. तोही फक्त घट्ट शी अडवतो, बाकी काही नाही. कुठल्याही मुलाला आदल्या आठवड्यात जुलाब झाले असतील तर त्याला पाण्यात उतरवू नका. जुलाबाचे काही जंतू क्लोरिनच्या पाण्यातही दिवसेंदिवस जिवंत राहतात आणि तुमच्या एका मुलामुळे पन्नास मुलं आजारी पडू शकतात.

कपडे नायलॉन किंवा लायक्राचे. सुती कपडे अडवतात ते उगीच नाही. कापसाचे तंतू सुटून फिल्टर तुंबतात, आणि ओला सुती कपडा जड होऊन अंगाला ओढतो. चेन, धातूचं बटण, टिकल्या फायबरच्या घसरगुंडीला ओरखडे पाडतात आणि पुढच्याची पाठ सोलते. भाड्याचे पोशाख मिळतात, पण सहा वर्षांच्या मापाचे लवकर संपतात. ते घरून न्या.

सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर बसवून घसरगुंडीवरून येऊ नका, बागेतल्यासुद्धा. मुलाचं पाऊल कडेला अडकतं, मागून मोठ्या माणसाचं वजन तसंच पुढे ढकलत येतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं मूल अडकलं तर नुसतं थांबतं, दुखापत सहसा होत नाही. प्रत्येकाने आपापलं यायचं, जिथे उताणं यायचं तिथे पाय पुढे, घोटे एकावर एक, हात छातीवर.

लाटांच्या तलावात सहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात हवं. बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही, तोंड पाण्याच्या रेषेवर येतं-जातं आणि ते गप्प असतं. एकत्र कुटुंबात इथेच घोळ होतो: पाच मोठी माणसं तलावाशी असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणी बघतंय. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या नाव घेऊन लावा. पाळीवरच्या माणसाच्या हातात फोन नको.

सनस्क्रीन पाण्यात उतरायच्या वीसेक मिनिटं आधी आणि मग दर दोन तासांनी. ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. फळांच्या चवीची गोड पेयं त्याच्या जागी चालत नाहीत, त्यांतली जादा साखर जुलाब वाढवते. मे महिन्यात बारा ते चार मुलांना पाण्याबाहेर, सावलीत ठेवा. भर उन्हात पाणी गार लागतं आणि तहान कळतच नाही.

प्रश्न: मुलगा 12 वर्षांचा. सिम्युलेटरच्या राइडमध्ये, जिथे खुर्ची हलते आणि पडद्यावर सिनेमा चालतो, तिथे ओकतो. कोस्टरवर मात्र ठणठणीत! असं का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर: कोस्टरवर डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एकच गोष्ट सांगतात: आपण खरोखर पडतोय. सिम्युलेटरमध्ये डोळे म्हणतात उडतोय, कान म्हणतात जागेवरच आहोत, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यांत जास्त असतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. पडद्यापासून मागच्या आणि मधल्या खुर्चीवर बसवा. मळमळ सुरू झाली की डोळे मिटून डोकं खुर्चीला टेकवायला सांगा, म्हणजे भांडणारी एक बाजू बंद होते. अशा दोन राइड्स लागोपाठ नकोत. गोळी द्यायची तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे. काही गोळ्यांनी मुलं पेंगुळतात, म्हणून सहलीच्या दिवशी पहिल्यांदाच देऊन बघू नका. आणि खिशात दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या असू द्या, गाठ मारता येईल अशा.